शाहूकालीन सातारा एका दिवसात: गाईड आणि गाडी ठरवून कसा पाहावा

साताऱ्याच्या एका दिवसाच्या सहलीची यादी बहुतेकांची सारखीच असते. अजिंक्यतारा, सज्जनगड, ठोसेघर, कास आणि जमलं तर प्रतापगड. रात्री घरी पोचेपर्यंत सगळे दमून जातात, फोन फोटोंनी भरतो आणि कुठे नेमकं काय घडलं हे मुलांना विचारलं तर सांगता येत नाही. इतकी मोठी जागा अशी धावत पाहणं मला फार जिवावर येतं. म्हणून हा लेख दुसऱ्या पद्धतीच्या दिवसासाठी आहे: घरची चार-पाच माणसं, एक गाडी, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त तुमच्यासाठी आलेला एक जाणकार.

आधी काळ निवडा, ठिकाणं नंतर

सातारा जिल्ह्यात शिलाहारांपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंत सगळं आहे आणि एका दिवसात ते मावत नाही. माझा आग्रह असा की पहिल्या खेपेला थोरल्या शाहू महाराजांचा, म्हणजे संभाजी महाराजांच्या मुलाचा, काळ धरावा, कारण आजचं सातारा शहरच त्यांनी वसवलं. १६८९ पासून १७०७ पर्यंत ते मोगलांच्या कैदेत होते. सुटून आल्यावर जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते इथूनच मराठी राज्याच्या गादीवर होते. पेशवाईची वस्त्रं शाहू महाराज देत, हे पुण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांना बऱ्याचदा ठाऊकच नसतं.

या धाग्यात चार ठिकाणं नीट बसतात: अजिंक्यतारा, संगम माहुली, लिंबची बारा मोटांची विहीर आणि वाईजवळची मेणवली. मेणवलीचा वाडा नाना फडणवीसांचा, म्हणजे थोडा पुढचा. पण नाना जन्मले १७४२ मध्ये, साताऱ्यातच, शाहू महाराज गादीवर असताना. म्हणून शेवट तिथे केला तर काळाचा क्रमही सांभाळला जातो. प्रतापगडाला हात लावू नका. १६५९ चा तो प्रसंग आणि तो घाट यांना वेगळा दिवस द्यावाच लागतो. सज्जनगडही दुसऱ्या दिवशी, तोही पहाटे.

गाईड कसा शोधायचा

किल्ल्याच्या दारात उभ्या उभ्या गाईड मिळेल या भरवशावर निघू नका. आठ-दहा दिवस आधी शोध सुरू करा. गडसंवर्धनाचं काम करणाऱ्या मुलांचे गट, कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक, वस्तुसंग्रहालयात काम करणारी माणसं, ट्रेकचे ग्रुप चालवणारे, यांच्यापैकी कुणीतरी कुणाचं तरी नाव सुचवतंच. उतरणार असाल त्या लॉजवर विचारायलाही हरकत नाही, पण तिथून येणारा माणूस पुष्कळदा ड्रायव्हरच असतो आणि तो गाडी चालवता चालवता माहिती सांगतो. दोन्ही कामं वेगळी आहेत.

नाव मिळालं की फोन करा आणि दहा मिनिटं बोला. मी हमखास एक प्रश्न विचारतो: "सर, माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवतात, त्यामागची गोष्ट कागदात आहे की ऐकीव?" समोरून "हो हो, शंभर टक्के खरी आहे" एवढंच आलं तर मी आभार मानून फोन ठेवतो. "लोक असं सांगतात, मी वाचलंय ते असं, आणि एवढं नक्की म्हणता येत नाही," असं तीन भागांत उत्तर आलं की माणूस मिळाला समजा. दंतकथा सांगाव्यात, त्याशिवाय मुलं ऐकत नाहीत. पण दंतकथा कुठे संपते आणि नोंद कुठे सुरू होते हे सांगणारा माणूस हवा. इतिहासावर प्रेम असलेला माणूस हे आपणहून सांगतो.

बोलणी स्पष्ट करा

पैशांचं आधीच बोला, संकोच नको. पूर्ण दिवसाचे किती, दिवस किती वाजता सुरू आणि किती वाजता संपला, उशीर झाला तर जादा किती, चहा-जेवण आपल्यासोबत ना, आणि दिवस जिथे संपेल तिथून त्यांच्या परतीची सोय कशी. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, म्हणजे दोन्ही बाजूंना आठवण राहते. सोबत किती माणसं, त्यांची वयं काय, कुणाचे गुडघे दुखतात का, हेही कळवा. आजी सोबत असतील तर चांगला गाईड क्रम तोच ठेवतो, पण कुठे बसायला सावली आहे ते हेरून ठेवतो.

गाडी भाड्याची असेल तर एक गोष्ट जपा. बाहेरगावच्या दरात दिवसाचे किमान किलोमीटर धरतात, बहुधा २५० किंवा ३००. आपला हा सगळा फेरा साताऱ्यातून साताऱ्यात धरला तरी शंभरच्या आसपास जातो. त्यामुळे साताऱ्यातलीच गाडी घेऊन आठ तास-ऐंशी किलोमीटरचं पॅकेज आणि वरच्या तासांचा, किलोमीटरचा दर विचारणं परवडतं. ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल दरात धरलाय की वेगळा, तेही विचारा. लिंबहून पाचवडकडे जाताना मधे आनेवाडीचा टोलनाका लागतो.

दिवसाचा क्रम उन्हाप्रमाणे

सकाळी सातला अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर असा. शहरातून थेट दरवाज्याजवळपर्यंत डांबरी रस्ता जातो, त्यामुळे वयस्कर माणसांनाही गड जमतो. एकापाठोपाठ एक असे दोन दरवाजे लागतात. आत गेल्यावर गाईडला आधी तटावर न्यायला सांगा, देवळं आणि तळी मागाहून. तिथून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन ओळखून घ्या. सकाळी हवा स्वच्छ असते तेव्हाच हे होतं. आणि खाली शहर दिसतं ते शाहूनगर. राजाने गडावर कोंडून न घेता पायथ्याशी पेठा वसवल्या, म्हणजे काय केलं, ते इथूनच कळतं.

मग वेढ्याची गोष्ट. ही घाईने ऐकू नका. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः इथे येऊन बसला, त्याची छावणी उत्तरेला करंज्याच्या बाजूला होती. गड लढवत होते प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी मंगळाई बुरुजाच्या बाजूला सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात आतली माणसं गेली, पण दुसऱ्या वेळी तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटून उभे असलेले मोगल सैनिकच त्याखाली गाडले गेले. त्याआधी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. एप्रिल संपण्याआधी गड मोगलांकडे गेला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं गेलं. महाराणी ताराबाईंनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा हे नाव मिळालं ते तेव्हा. बुरुजाजवळ उभं राहून गाईडला विचारा: हल्लेखोर कुठून चढले असतील, माती कुठल्या बाजूला ढासळली असेल? उतार समोर असतो, बोट दाखवून सांगता येतं. मंगळाईचं दर्शन घेऊन साडेनऊपर्यंत खाली या.

नाश्ता राजवाडा परिसरात करा. इथे धागा एकदा मुद्दाम मोडायचा आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं. रजिस्टरला ते 'भिवा' म्हणून आहे, क्रमांक १९१४. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो यामुळे. मुलं सोबत असतील तर त्यांना या इमारतीसमोर उभं करून हे सांगाच. आत जायचं तर आधी परवानगी हवी. कंदी पेढे मोती चौकात घ्या, पण आत्ताच घ्या, संध्याकाळी आपण साताऱ्यात नसू.

साडेदहाला माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात, शहरापासून पाचेक किलोमीटरवर. देवळांत अनवाणी फिरायचं असतं आणि काळा दगड दुपारी पाय ठेवू देत नाही, म्हणून ही वेळ. संगम माहुलीचं विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमाराला बांधलं, म्हणजे शाहू महाराजांच्या हयातीतलं. पैलतीरी क्षेत्र माहुली, न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावाला दोषी ठरवणारे हेच ते. शाहू महाराजांची समाधी नदीच्या पात्रालगत आहे, त्यांच्या आई महाराणी येसूबाईंची समाधीही माहुलीतच. ज्या बाईंनी रायगड वेढला गेला असताना राज्य वाचवण्याचा निर्णय घेतला आणि नंतर कित्येक वर्षं कैदेत काढली, त्यांच्या समाधीपाशी पाच मिनिटं तरी थांबा. कुत्र्याची गोष्ट आता ऐका: शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात. ज्येष्ठांनी घाटाच्या पायऱ्या उतरल्याच पाहिजेत असं नाही. मंडपात गार असतं, त्यांना तिथे बसू द्या.

विहिरीसाठी भर दुपार राखून ठेवा

बारा वाजता महामार्गाने लिंब फाट्याकडे निघा. लिंब-शेरीची बारा मोटांची विहीर भर दुपारी पाहायची, कारण खाली उतरलं की ऊन मागे राहतं आणि वरून आलेला उजेड थेट पाण्यापर्यंत पोचतो. शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाईंनी ती बांधून घेतली. काम चाललं शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. शिलालेख तिथेच आहे. गाईडला तो बोट फिरवत, अक्षर अक्षर लावून वाचायला सांगा आणि मुलांनाही एखादी ओळ वाचू द्या. तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी आपल्याला वाचता येतं हे कळल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

विहिरीची खोली सुमारे ११० फूट आणि व्यास ५० फूट. वरून पाहिलं की आकार शिवलिंगासारखा दिसतो. पायऱ्या उतरून गेलं की पाण्याच्या वर, दगडी खांबांवर तोललेला एक छोटा महाल आहे. खांबांवर हत्ती, घोडेस्वार कोरलेत. महालातून वर जायला जिने आहेत आणि वर आलं की मोटांची जागा. इथे मुलांना थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या जागा, मोजायला लावा. नाव बारा मोटांचं, पण आकडा बाराच्या पुढे जातो. मोट कशी चालायची, बैल उताराच्या धावेवरून जाताना पाणी वर कसं यायचं, हे गाईड शेतकऱ्याच्या घरातला असेल तर फार छान सांगतो. हे सगळं पाणी आमराईसाठी होतं. काठाजवळ लहान मुलांचा हात सोडू नका, आणि पाण्यात नाणी, बाटल्या, काहीही टाकू नका. या ठिकाणी घाई झाली तर मला सगळा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. तास-सव्वा तास हवाच.

जेवण पाचवडला किंवा वाईत. वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, पण रमत बसू नका. साडेतीन-चारला मेणवली. वाडा खासगी आहे, त्यामुळे आत जाता येईल का, किती वाजेपर्यंत, हे गाईडने आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असावं. हे काम त्याच्यावर सोपवा आणि झालं का ते विचारा. नाना फडणवीसांचा हा चौकांचा वाडा, मागे कृष्णेवर उतरणारा घाट, मेणेश्वराचं मंदिर आणि तिथे टांगलेली मोठी घंटा. ती वसईची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली. तिच्यावर १७०७ साल आणि मेरी-बाळ येशूची आकृती आहे, जवळ जाऊन पाहा. घंटेवर साल १७०७, आणि शाहू महाराज कैदेतून सुटले तेही १७०७.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्येही हाच क्रम चालतो, फक्त गड सहालाच गाठा. पावसाळ्यात माहुलीला पाणी वाढतं, पात्रालगतचं काही दिसत नाही आणि घाट निसरडे होतात. सप्टेंबरातले शनिवार-रविवार टाळा. कासची फुलं पाहायला आलेल्या गाड्यांनी पोवई नाक्यापासून बोगद्यापर्यंत रस्ता तुंबतो. ड्रोन न्यायचा असेल तर परवानगी आधी काढा.

पुणे-मुंबईकडे परतायचं असेल तर मेणवलीहून पुन्हा साताऱ्यात येऊ नका, वाईहून सुरूरला महामार्ग धरा. साताऱ्याची गाडी असेल तर ती तुम्हाला वाई स्टँडवर सोडून गाईडना घेऊन मागे फिरते. गाडी तुमची असेल तर गाईडना वाई स्टँडवर साताऱ्याची एसटी मिळेपर्यंत थांबा, एसटीचं भाडं आधी ठरल्याप्रमाणे हातात द्या आणि मानधनाचं पाकीट वेगळं द्या. त्यांनी दिवसभरात एखादं नवं पुस्तक, एखादी चढायची राहिलेली वाट सांगितली असेल तर ती तिथेच लिहून घ्या. सज्जनगडाची पहाट त्यांच्यासोबतच ठरवायची असेल तर तारीखही तेव्हाच विचारून ठेवा, थंडीतल्या सुट्ट्यांना चांगले गाईड महिनाभर आधी बांधलेले असतात.