पाणी, मीठ आणि एडीएच : या चुका टाळा

ग्वाल्हेरला मे महिन्यात लू सुरू झाली की लश्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत दिवसभर एकच चालू असतं, पाणी पी, अजून पी. सल्ला बरोबरच आहे, पण शरीर पाण्याचा हिशोब कसा ठेवतं याबद्दल भरपूर गोंधळ आहे, नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्यातही आणि घरातल्या मोठ्यांच्यातही, आणि मोठ्यांचा गोंधळ कधीकधी थेट जिवावर बेततो म्हणून हे लिहितेय.

मुलांनो, आधी तुमचं. एडीएच, म्हणजे किडनीला पाणी धरून ठेवायला सांगणारं हार्मोन, पिट्यूटरीत (मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीत) बनतं असं लिहून मार्क घालवू नका. बनतं तिच्या वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात, तिथून मज्जातंतूंतून खाली उतरतं आणि पिट्यूटरीच्या मागच्या भागातून फक्त सोडलं जातं, त्यामुळे प्रश्नात 'तयार होतं' विचारलंय की 'सोडलं जातं' ते दोनदा वाचा. हे फक्त ९ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, आहे, विन्सेंट द्यु विन्यो यांनी ते आणि त्याचं भावंड ऑक्सिटोसिन लॅबमध्ये बनवून दाखवलं आणि १९५५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं.

दुसरी चूक जास्त खोल आहे. एडीएच मीठ आणि पाणी दोन्ही धरून ठेवतं असं सर्रास लिहितात. नाही हो, मुख्य काम पाण्याचंच! मेंदूतल्या खास पेशी रक्त किती दाट झालंय ते बघत असतात, १-२ टक्के जरी दाटपणा वाढला तरी एडीएच सुटतं. ते किडनीच्या कलेक्टिंग डक्टच्या (लघवी गोळा करणाऱ्या शेवटच्या नळीच्या) पेशीत शिरत नाही, पेप्टाइड आहे ना, बाहेरच व्ही२ रिसेप्टरला (पेशीवरच्या त्याच्या खास जागेला) चिकटतं, मग आत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी वाढतं आणि पेशीत तयार पडलेले अ‍ॅक्वापोरिन-२ चे पाण्याचे दरवाजे लघवीच्या बाजूच्या भिंतीत येऊन बसतात, पाणी त्यातून आत ओढलं जातं. एडीएच कमी झालं की तेच दरवाजे परत आत. सगळा खेळ मिनिटांचा, कारण रक्तातलं एडीएच १०-२० मिनिटांत निम्मं होतं. मला हा भाग शिकवताना दरवेळी तितकाच आनंद होतो.

सोडियम, म्हणजे मिठातलाच घटक, धरून ठेवायचं मुख्य काम अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचं, आणि ते पेप्टाइड नाही, स्टेरॉइड आहे, पेप्टाइडच्या यादीत टाकू नका. त्याला कामाला लावणारं अँजिओटेन्सिन-२ मात्र ८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. उलट बाजूला एएनपी हे हार्मोन, २८ अमिनो आम्लांचं, हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येतं आणि मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. १९८१ साली अ‍ॅडोल्फो द बोल्ड यांच्या टीमने उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला तर लघवी आणि मीठ दोन्ही भराभर बाहेर पडायला लागलं, हृदय नुसता पंप नाही हे तिथून कळलं.

आता मोठ्यांसाठी, हे नीट वाचा. रिपोर्टमध्ये सोडियम १३५ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली आलं की घरात लगेच म्हणतात मीठ कमी पडलं, आजींना मीठ-पाणी द्या. बऱ्याचदा मीठ कमी नसतंच, पाणी जास्त झालेलं असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी, खासकरून थायझाइडने, सोडियम उतरतं, न्यूमोनिया, काही डिप्रेशनच्या गोळ्या किंवा ऑपरेशननंतरच्या दुखण्यात गरज नसताना एडीएच सुटत राहतं, आणि त्यात आपण उन्हाळा आहे म्हणून वरून तांब्यावर तांबे पाजतो, ते पाणी किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि रक्त पातळ होत जातं. आजी अचानक बरळायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, मळमळ होतेय, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासा. आणि घरी मीठ चारून दुरुस्त करायला जाऊ नका, फार वेगाने वाढलं तरी मेंदूला इजा होते, म्हणून डॉक्टर ते २४ तासांत साधारण ८-१० मिलिमोलपेक्षा जास्त वाढू देत नाहीत.

ज्यांना बीपी, हृदय, किडनीचं काही नाही आणि उन्हात घाम गाळून आलेत, त्यांना पन्हं, ताक, ओआरएस उत्तम, कारण घामातून मीठही गेलेलं असतं.

अजून एक. सारखी लघवी, सारखी तहान म्हणजे शुगरच असं धरू नका. शुगर नॉर्मल आणि लघवी दिवसाला ३ लिटरच्या वर, पाण्यासारखी, तर एडीएच कमी पडतंय किंवा किडनी त्याचं ऐकत नाहीये असं असू शकतं, पूर्वीचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. अशा माणसाचं पाणी बंद केलं तर लघवी थांबत नाही, उलट रक्त दाट होऊन जीव धोक्यात येतो, त्यामुळे तपासणी होईपर्यंत बाटली जवळच राहू द्या.

आणि ज्या मुलांना रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून डेस्मोप्रेसिन दिलंय त्यांच्या आयांनो, ते एडीएचचंच बदललेलं रूप आहे, गोळीच्या १ तास आधीपासून नंतरचे ८ तास पाणी अगदी घोटभरच, आणि ताप किंवा उलट्या-जुलाब असतील त्या रात्री गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.