आजीच्या पेटीतलं जर्मन नाणं: किंमत कशी काढाची

पयले एक गोष्ट क्लिअर करा भाऊ, आपल्या इकडं लग्नात देतात ते जर्मन सिल्वरचं ताट म्हंजे तांबं, निकेल, जस्त, त्यात चांदी नखभरबी नसते. जर्मनीचं चांदीचं नाणं वेगळं.

आमच्या घरी हरभऱ्याच्या कोठीमागच्या पेटीत एक निघालं, गरुडाचं चित्र, 5 मार्क (मार्क म्हंजे जर्मनीचं जुनं चलन). तालुक्याच्या सराफानं हातात घेऊनच "जर्मन हाय" म्हणून भंगाराचा भाव सांगतला, मी वापस आणलं.

मंग घरीच पाह्यलं. 1914 च्या आधीचं 5 मार्क 27.77 ग्रॅम भरते, 900 टंच (हजारात 900 भाग चांदी), म्हंजे शुद्ध चांदी 25 ग्रॅम. काट्यावर पाण्याचा गिलास ठेवा, काटा झिरो करा, नाणं धाग्यानं पाण्यात लटकवा पण बुडाले टेकू देऊ नका. काटा 2.7 च्या आसपास दाखवते तं चांदी, 3.2 दाखवला तं समजून जा. 25 गुणिले त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव, ही झाली कमीत कमी किंमत.

सोन्याचं 20 मार्क 7.96 ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं 7.16. वर्ष मात्र नक्की पाहा, काहून का 1924 नंतरच्या बऱ्याच मार्कात चांदी अर्धीच हाय.

नाण्यावर टांकसाळीचं बारीक अक्षर असते, ए म्हंजे बर्लिन, डी म्युनिक, जे हॅम्बर्ग. एखाद्या वर्षाचं एखाद्या टांकसाळीचं कमी निघालं असन तं भाव चांदीच्या कितीतरी वर जाते. आन चिंच-राखेनं घासू नका बाप्पा, चमकते पण शौकीन माणूस मंग हातबी लावत नाही.