कॉन्ट्रास्ट स्कॅनला जाताना : हाताची, कागदांची आणि शब्दांची तयारी

तारीख मिळाली की आधी कागद गोळा करावेत. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडे कशी चालतात हे दाखवणारा रक्तातील क्रिएटिनिनचा ताजा अहवाल जवळ असू द्यावा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर मूत्रपिंडे कमजोर असणाऱ्यांना ते 48 तास थांबवण्यास सांगितले जाते. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा असतो, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दमा, थायरॉइडचा विकार आणि रक्तदाबाच्या चालू गोळ्या यांची नोंद एका कागदावर करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्वी अशा औषधाने खाज, गांधी, उलटी किंवा श्वास लागणे असे काही झाले असेल, तर ते स्कॅनच्या दिवशी टेबलाजवळ न सांगता तारीख घेतानाच सांगावे, कारण आधी गोळ्या द्यायच्या असल्यास त्या बऱ्याच तासांपूर्वी सुरू कराव्या लागतात. मासे किंवा कोळंबी सोसत नाही एवढ्यावरून कॉन्ट्रास्ट सोसणार नाही असे ठरत नाही. तरीही ॲलर्जी असेल तर ती सांगावीच.

इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि देवास, धार किंवा खरगोनहून येणारा रुग्ण प्रवासातच कोरडा पडतो. खाणे किती तास आधी थांबवायचे आणि पाणी चालेल का, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारून घ्यावेत, कारण ‘उपाशीपोटी या’ याचा अर्थ अनेक घरांत पाण्याचा थेंबही नको असा घेतला जातो. शरीरात पाणी कमी असले की शीरही सहज सापडत नाही.

हाताची तयारी घरूनच करावी. अर्ध्या बाह्यांचे कपडे घालावेत आणि पाटल्या, बांगड्या, अंगठी काढून ठेवावी. हात सुजला तर अंगठी अडकते आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील किंवा डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शीर आणि धमनी यांचा जोड) केला असेल, तर ‘या हाताला सुई नको’ असे आधीच सांगावे. केमोथेरपीने शिरा नाजूक झाल्या असतील तर तेही कळवावे. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, यंत्र सेकंदाला 4 ते 5 मिलिलिटर वेगाने औषध ढकलते, त्यामुळे कोपराच्या खळगीतील ठसठशीत शीर आणि साधारणतः गुलाबी रंगाची 20 गेजची किंवा त्याहून जाड सुई लागते. आधी सलाइन सोडून शीर तपासली का, हे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

आता शब्दांची तयारी, जी मला सर्वांत निकडीची वाटते. औषध जाताना अंगभर उष्णता पसरणे, तोंडाला धातूसारखी चव येणे आणि लघवी झाल्यासारखे वाटणे हे अपेक्षित असते. परंतु सुईच्या जागी आग होणे, ताण बसणे किंवा फुगवटा येणे अपेक्षित नसते. औषध शिरेबाहेर ऊतींत झिरपत असल्याची ती खूण असू शकते. माझ्या सासूबाईंनी हे सर्व मुकाट्याने सोसले, कारण ‘गरम वाटेल’ असे त्यांना सांगितले होते आणि जन्मभर मराठी घरात वावरलेल्या त्या बाईंना तंत्रज्ञाशी हिंदीत काय बोलावे ते सुचले नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांकडून चार शब्द आधीच म्हणवून घ्यावेत: आग होते म्हणजे ‘जलन’, सूज म्हणजे ‘सूजन’, मुंग्या म्हणजे ‘झुनझुनी’, गांधी उठल्या म्हणजे ‘पित्ती उछली’. त्याआधी मोठ्याने ‘रोको’ म्हणावे, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले.

औषध झिरपलेच, तर इंजेक्शन थांबवतात, हात हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवतात आणि बहुधा थंड शेक देतात. चोळू नये. वेदना वाढत गेल्या, बोटे बधिर किंवा पांढरी पडली, कातडीवर फोड आले, तर रात्र असली तरी परत जावे. दोनतीन दिवसांनी शीर लाल होऊन दोरीसारखी कडक लागली, तर तो बहुधा शिरेचा दाह असतो. त्याला कोमट शेक बरा वाटतो, पण ताप किंवा पू दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.

गंभीर प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात दिसते, त्यामुळे बस गाठण्याच्या घाईत तिथून निघू नये. ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, भोवळ आली तर तिथल्या माणसाला तत्काळ हाक मारावी. घरी असल्यास 108 लावावा. अंगावरचे पुरळ मात्र एका आठवड्यापर्यंत उशिरानेही येऊ शकते, म्हणून गावी परतल्यावरही कातडीकडे लक्ष ठेवावे.

निघण्यापूर्वी औषधाचे नाव, मात्रा आणि कोणत्या हाताला दिले हे लिहून घ्यावे. ‘कॉन्ट्रास्टची ॲलर्जी’ एवढीच नोंद पुढच्या डॉक्टरांना अपुरी पडते. नेमके नाव हाती असले तर त्यांना दुसरे औषध निवडता येते, आणि एमआरआयचे गॅडोलिनियमयुक्त औषध तर मुळातच वेगळ्या वर्गातील असते.