पर्लमधून फाईल वाचून वेबपेजवर दाखवायची तर
फोंड्याजवळ आमच्या गावच्या देवळात श्रावणात सप्ताह असतो, चोवीस तास भजन, कुठल्या वाड्याची पाळी किती वाजता त्याची यादी एका साध्या टेक्स्ट फाईलीत, ती पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेने ब्राउझरमध्ये दाखवायची एवढंच काम आणि त्यात माझा अख्खा रविवार गेला, वर पाऊस आणि लाईटची ये-जा.

पहिला दणका हेडरचा. सीजीआय स्क्रिप्टने (म्हणजे वेबसर्व्हर चालवतो आणि जिचं आउटपुट ब्राउझरला पाठवतो ती स्क्रिप्ट) फाईलीच्या आधी कन्टेन्ट-टाईपची, म्हणजे पुढे काय प्रकारचा मजकूर येतोय ते सांगणारी, ओळ छापायची आणि तिच्यामागे एक रिकामी ओळ, म्हणजे शेवटी बॅकस्लॅश एन (नव्या ओळीची खूण) दोनदा. मी एकदाच दिलेला, ब्राउझरमध्ये ५०० एरर, खरं कारण एरर लॉगमध्ये. यादी जशीच्या तशी दाखवायची तर टेक्स्ट-प्लेन टाकून मोकळे व्हा, एचटीएमएल हवं तर अँपरसँड आणि लेस-दॅन ही चिन्हं एस्केप करावी लागतात, म्हणजे त्यांच्या जागी एचटीएमएलचे कोड घालावे लागतात (अँपरसँड आधी!). जुन्या ट्युटोरियलमधलं सीजीआय मॉड्यूल ५.२२ पासून, म्हणजे २०१५ पासून, पर्लसोबत येतच नाही, एवढ्याशा कामाला ते लागतही नाही.

फाईल उघडणाऱ्या ओपनला तीनच आर्ग्युमेंट द्या: फाईलहँडल, मोड, पाथ. दोनवालं जुनं ओपन वापरलं आणि नावाच्या शेवटी पाईपचं चिन्ह (उभी रेघ) आलं तर पर्ल ती कमांड समजून चालवतो, त्यामुळे यूआरएलमधून आलेलं नाव तसंच आत ढकलू नका. पुढे ऑर डाय (नाही उघडली तर थांब) आणि त्यात डॉलर-उद्गारचिन्ह, ज्यात पर्ल चुकीचं कारण ठेवतो, म्हणजे फाईल का उघडली नाही ते लॉगमध्ये कळतं. टर्मिनलवर चालतं आणि ब्राउझरमध्ये नाही? पूर्ण पाथ द्या, आणि वेबसर्व्हरच्या युजरला फाईल वाचायची परमिशन आहे का बघा.

वाचायला व्हाईल लूप, एकेक ओळ घ्या आणि प्रिंट करा. फॉरइचने आधी सगळी फाईल मेमरीत येते. ओळीच्या शेवटी न्यूलाईन असतेच, परत घालू नका, नाहीतर माझ्यासारखी एक ओळ सोडून यादी दिसेल.

आता मराठी. मी फक्त एसटीडीआऊटला, म्हणजे स्क्रिप्टच्या आउटपुटला, बिनमोडने यूटीएफ-८ (मराठी अक्षरं बाईटमध्ये साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) लावलं आणि 'वरचा वाडा'च्या जागी टोप्या घातलेल्या रोमन ए-ची रांग, कारण वाचताना एकेक बाईट सुटं अक्षर धरलं गेलं. ओपनच्या मोडमध्येही एन्कोडिंग लावा. उलट फक्त तिथेच लावलं तर पान बरं दिसतं पण लॉगमध्ये 'वाईड कॅरेक्टर इन प्रिंट' येत राहतं. दोन्हीकडे लावा, हेडरात चारसेटही, म्हणजे एन्कोडिंगचं नावही, टाका.

आणि स्क्रिप्ट विंडोजवर सेव्ह केली असेल तर पर्लचा पाथ असलेल्या पहिल्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोजची ओळ संपल्याची जादा खूण) राहतो, लिनक्स त्याच्यासकट पर्लचा पाथ शोधतो आणि म्हणतो अशी फाईलच नाही. एडिटरमध्ये लाईन एंडिंग बदला.