केमो चालू असताना कीटो डाएट करायचंय? आधी एवढं करा

मावशीची केमो चालू होती तेव्हा फॅमिली ग्रुपवर रोज कोणीतरी टाकायचं, कीटो करा, म्हणजे साखर-पोळी-भात जवळपास बंद आणि तूप-खोबरं भरपूर, कॅन्सर उपाशी मरतो. आम्ही घाबरून दोन दिवस तिचा वरणभात बंद केला, तोंड आधीच आलेलं, त्यात हे. अजून वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी यात खरं किती ते बघा. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्गने 1920 च्या दशकात दाखवलं की ट्यूमरच्या पेशी ग्लुकोज भराभर संपवतात, कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण गोड सोडलं तरी लिव्हर ग्लुकोज बनवतच राहतं. कीटो मुळात फिट्ससाठी 1921 पासूनचं, कॅन्सरमध्ये छोटे ट्रायल झालेत, ग्लायोब्लास्टोमा या ब्रेन ट्यूमरवर जास्त, पण त्याने आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर असलेल्या उंदरांत तर नुसत्या कीटोने आजार उलट वाढला. त्यामुळे केमोच्या ऐवजी कीटो, हे डोक्यातून काढूनच टाका.

मग वजन करा. 60 किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत 3 किलोपेक्षा जास्त आपोआप उतरलं असेल तर कीटोचं नावही नको, अंगावरचं मांस जातं आणि केमो झेपत नाही.

वजन टिकून असेल तर मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जा नाहीतर तुमच्या जवळच्या हॉस्पिटलला, डॉक्टर आणि डाएटिशियन दोघांना विचारा. शुगरची गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर नक्की सांगा, त्यावर कीटो केलं तर शुगर फार न वाढताही रक्तात ॲसिड वाढू शकतं, जिवावर बेततं. स्टिरॉइड चालू असेल, पित्ताशय, मुतखडा, पॅनक्रियाज (स्वादुपिंड) यांचा त्रास असेल, काहीही लपवू नका.

हो म्हणाले तरच पुढे. दिवसाला कार्ब (साखर आणि पिठूळ पदार्थांतलं) साधारण 20 ते 50 ग्रॅम, आणि एका पोळीतच 15-20 जातात, म्हणजे ताटात सुरमई, अंडी, पनीर, मेथी, खोबरं, तूप. डाळीतही कार्ब असतात, शाकाहारी घरात इथेच गाडी अडते. प्रोटीन मात्र कमी करू नका, किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम. पाणी भरपूर, पोट साफ होत नसेल तर सांगा, दर आठवड्याला वजन.

आणि केमोनंतर उलट्या सुरू झाल्या, काहीच जात नसेल, तर त्या दिवशी कीटो राहू द्या, डॉक्टरला फोन करा आणि पेशंटला जे जाईल ते द्या, पेज, मऊ भात, काहीही. मावशीला शेवटी वरणभातच गेला.