टोपलीचा डिझायनर लॅम्प घरी बनवताय? या चुका टाळा

गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाजारातून कोरी बांबूची टोपली आणून हॉलमध्ये इको-फ्रेंडली म्हणून हँगिंग लॅम्प केला होता, दिसायला एकदम शोरूमसारखा, पाहुण्यांनी फोटो काढले. पावसाळ्यात रोज सकाळी खाली फरशीवर पिवळसर भुसा दिसायला लागला, चिमटीत धरला तर पिठासारखा मऊ. कीड लागली होती. टोपली गेली, मेहनत गेली, मग इको-फ्रेंडली काय राहिलं त्यात?

बांबूत स्टार्च असतो, किडा त्यासाठीच येतो. म्हणून टोपली आधी आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग सावलीत खडखडीत वाळवा. त्याहून चांगलं म्हणजे घरात वर्षानुवर्षं वापरलेली टोपली किंवा सूप घ्या, नवीन काही विकतच आणायला नको.

दुसरी चूक बल्बची, आणि खरी मेख इथेच आहे. पिवळा उजेड छान दिसतो म्हणून काही जण जुना ६० वॅटचा बल्ब लावतात. रोज पाच तास लावला तर वर्षाला जवळपास ११० युनिट, ९ वॅटचा एलईडी साधारण साडेसोळा युनिटमध्ये भागवतो, आणि एलईडीतही वॉर्म व्हाइट मिळतो हो. शिवाय तो जुना बल्ब इतका तापतो की बांबूला, सुतळीला, कागदाला चिकटला तर आग लागू शकते.

एलईडी लावला म्हणजे काम झालं असंही नाही. त्याची उष्णता मागे होल्डरच्या बाजूला जाते, सर्किट पण तिथेच असतं, आणि आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यात शेड वरून बंद असली तर बल्ब भाजून निघतो. लुकलुकतोय, बंद होऊन थंड झाल्यावर परत लागतोय, असं झालं तर आधी शेडचं तोंड वरून मोकळं करा. बल्ब गेलाच तर कचऱ्यात टाकू नका, तो ई-कचरा आहे.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीच्या खांबाचा धागा काढतात, त्याची शेड फार सुंदर होते. पण त्यावर रेझिन किंवा व्हार्निशचे थर दिले की कुजणारा धागा प्लास्टिकसारखाच झाला ना? गाठी मारून बांधा, तसाच राहू द्या. शेतातल्या पीव्हीसी पाईपचा उरलेला तुकडा असेल तर वापरा, लॅम्पसाठी नवीन पाईप आणू नका, भोकं पाडताना भुगा कागदावर गोळा करा आणि आकार द्यायला आगीवर तर अजिबात धरू नका, जळालं तर विषारी धूर निघतो.

वायरवर वजन लटकवू नका, हुकाला वेगळी दोरी बांधा. धातूची शेड असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि शेडला आतून गडद रंग देऊ नका, उजेड कमी पडतो मग शेजारी ट्यूब लावावीच लागते.