मरीन टँक बदलताय? जुनी वाळू आधी फेका

मागे मी दोन फुटी मरीन टँकवरून (खाऱ्या पाण्याच्या माशांचा टँक) चार फुटीवर गेलो, म्हणजे साधारण सव्वाशे लिटरवरून अडीचशेवर. सगळं नीट केलं, फक्त जुनी वाळू 'त्यात बॅक्टेरिया आहेत' म्हणून तशीच्या तशी नव्या टँकमध्ये ओतली. घमेल्यात काढताना खालचा थर काळा दिसत होता, सडक्या अंड्यासारखा वास येत होता, बायकोने विचारलंही की गटार उघडलंय का, तरी ओतली. तिसऱ्या दिवशी फायरफिश गेला, चौथ्या दिवशी एक डॅमसेल. क्लाउनची जोडी तेवढी वाचली.

आपल्याला वाटतं मासा पकडताना दगावेल, पण खरा धोका पुढच्या आठवडाभराचा असतो. वाळूच्या खालच्या थरात हवा पोचत नाही, तिथे वर्षानुवर्षांची घाण साठते, ती ढवळली की हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया दोन्ही पाण्यात येतात. त्यात मरीन टँकचा पीएच ८ च्या वर, त्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा इथे जास्त विषारी पडतो. आणि कामाचे, म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया म्हणाल तर ते मुख्यतः दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये असतात, म्हणून ते दोन जपा आणि वाळू नवीन घ्या.

काम आदल्या दिवशी सुरू करायचं. आरओचं पाणी स्वच्छ ड्रममध्ये घ्या, त्यात मीठ टाका (मिठावर पाणी ओतायचं नाही, खाली पांढरा साका बसतो) आणि पंप लावून रात्रभर फिरू द्या. शंभर लिटरला साडेतीन ते चार किलो मरीन सॉल्ट लागतं, स्वयंपाकाचं मीठ चालत नाही हे सांगायला नको. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२५ आलं की झालं, पण जुन्या टँकचं रीडिंगही घ्या, दोन्ही जुळायला हवीत. चौपाटीवरून कॅन भरून आणायची आयडिया सगळ्यांनाच येते, मलाही आली होती, पण किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणा उतरलेला असतो. सोडा.

टँकची जागाही त्याच दिवशी नक्की करा. अडीचशे लिटर पाणी, काच, दगड मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास जातं, भरल्यावर सरकवणं नाही. स्टँडवर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा.

शिफ्टिंगच्या दिवशी सगळ्यात आधी हीटर बंद, कारण पाणी खाली गेलं आणि तो चालूच राहिला तर तडकतो. मग वरचं स्वच्छ पाणी पाइपने ड्रममध्ये काढा, वाळूला हात न लावता. दगड त्याच पाण्याच्या टबमध्ये बुडवून ठेवा, नळाखाली धुवायचे नाहीत, स्पंजसुद्धा काढलेल्या पाण्यातच पिळायचा. मासे सगळ्यात शेवटी, पाणी वीतभर उरलं की. जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरा, टँग नावाच्या माशाच्या शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो आणि मग मासा आणि आपण दोघंही घाबरतो. पकडलेले मासे झाकणाच्या बादलीत, आत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू, लाइट जाण्याची सवय असेल तर बॅटरीचा पंप जवळ ठेवा.

नव्या टँकमध्ये आधी दगड, मग धुतलेली नवी वाळू, मग अर्धं जुनं अर्धं नवं पाणी. जुन्या पाण्यात बॅक्टेरिया फारसे नसतात, ते घ्यायचं ते माशांना फरक कमी जाणवावा म्हणून. पंप, हीटर लावा, गढूळपणा खाली बसू द्या, तापमान २५-२६ ला आलं आणि खारटपणा जुळला की मासे सोडा. तासभर ठिबक लावत, म्हणजे टँकचं पाणी थेंबथेंब माशांच्या बादलीत सोडत बसायची इथे गरज नाही, ते दुकानातून आणलेल्या माशांना ठीक. आधी लाजाळू सोडा, दादागिरी करणारा डॅमसेल शेवटी, नाहीतर तो सगळ्या टँकचा मालक होऊन बसतो. आणि वर जाळी टाका, नवीन जागेत पहिल्या रात्री मासे उड्या मारतात.

त्या दिवशी टँकचा लाइट बंद, खाणं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभरच द्या, आणि दहाएक दिवस रोज अमोनिया टेस्ट करा. ०.२५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) जरी दिसला तरी थांबू नका, ३० टक्के पाणी लगेच बदला. महिनाभर नवीन मासा आणायचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी. बाष्पीभवनाने पाणी उतरलं तर साधं आरओ टाकायचं, मीठ मागेच राहिलेलं असतं.

अमोनिया दिसल्यावर लगेच पाणी बदलता यावं म्हणून खारं पाणी भरलेला एक ड्रम जास्तीचा तयार ठेवा. माझ्याकडे नव्हता, त्या चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता मी किचनमध्ये मीठ वजन करत बसलो होतो.